वृद्धाश्रमात साथ शिरली तर : पहिल्या संशयापासून सावरण्यापर्यंत

फेब्रुवारी २०२० च्या अखेरीस अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील कर्कलंड येथे एका नर्सिंग होममध्ये करोनाचा पहिला रुग्ण निश्चित झाला. १८ मार्चपर्यंत, म्हणजे तीन आठवड्यांच्या आत, त्या एका उद्रेकाशी जोडलेल्या बाधितांची संख्या १६७ झाली होती. त्यांत १०१ निवासी वृद्ध होते, ५० कर्मचारी होते आणि १६ जण केवळ भेटीला आलेले होते. बाधित वृद्धांपैकी जवळजवळ दर तिघांत एकाचा मृत्यू झाला. आरोग्य यंत्रणेने कारणे शोधली तेव्हा जे समोर आले, ते आपल्याकडच्या कोणत्याही वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापकाला ओळखीचे वाटेल: अंगात कसकस असूनही कामावर आलेले कर्मचारी, एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी नोकरी करणारे कर्मचारी, मास्क आणि हातमोजे वापरण्याचा अपुरा सराव, सॅनिटायझरसारख्या साध्या वस्तूंचा तुटवडा आणि आजार ओळखण्यात झालेला उशीर.

हा लेख वृद्धाश्रमांचे व्यवस्थापक, परिचारिका आणि प्रत्यक्ष अंघोळ, जेवण व औषधे सांभाळणाऱ्या मावशी-दादांसाठी लिहिला आहे. त्यामागचे माझे मत आधीच स्पष्ट करते. जे वृद्ध महिनोन्महिने आवाराबाहेर पडत नाहीत, त्यांच्यापर्यंत साथ पोहोचते ती बहुधा त्यांना सांभाळणाऱ्यांबरोबर. आणि साथीत दगावणारे सगळेच वृद्ध विषाणूने दगावत नाहीत, काही जण अपुऱ्या पाण्याने, अंथरुणाला खिळल्याने आणि एकटेपणाने खचून जातात. म्हणून तयारीची सुरुवात मी मावशींच्या पगारापासून आणि जेवणाच्या ताटापासून करावी असे म्हणते. फवारणीचे पंप नंतर आणता येतात.

पहिली पायरी : प्रत्येकाचे नेहमीचे आकडे लिहून ठेवणे

उतारवयात शरीराची प्रतिकारशक्ती दोन बाजूंनी लंगडी पडते. नव्या जंतूला ओळखणाऱ्या पेशी कमी झालेल्या असतात आणि शरीरात आधीपासून मंद दाह धुमसत असतो, त्यामुळे प्रतिकार उशिरा सुरू होतो आणि एकदा सुरू झाला की आवरत नाही. याचा व्यवहारातला परिणाम असा की अनेक वृद्धांना गंभीर संसर्गातही मोठा ताप येत नाही. ज्या आजोबांचे नेहमीचे तापमान ९६.५ अंश फॅरनहाइट असते, त्यांच्यासाठी ९८.६ हा आकडा ताप ठरू शकतो, कारण वृद्धनिवासांसाठीच्या वैद्यकीय निकषांत स्वतःच्या नेहमीच्या पातळीपेक्षा २ अंशांहून अधिक वाढ हीसुद्धा ताप मानली जाते. पण नेहमीची पातळीच कुठे नोंदलेली नसेल, तर ही वाढ कोणाच्या लक्षात येणार?

म्हणून साथ नसताना, शांत दिवसांत, प्रत्येक निवाशासाठी वहीचे एक पान करावे. त्यावर सलग पाच-सहा दिवसांचे सकाळचे तापमान, ऑक्सिजनची पातळी, नाडी, श्वासांची मिनिटाला संख्या आणि वजन लिहावे. त्याच पानावर आकड्यांत न मावणाऱ्या गोष्टीही असाव्यात: आजी काठी घेऊन स्वतः बाथरूमला जातात की आधार लागतो, दुपारी किती भाकऱ्या खातात, नाव-वार नीट सांगतात का, ऐकण्याचे यंत्र लावतात का. पानाच्या मागच्या बाजूला सहव्याधी, चालू औषधे, कोणत्या औषधाची ॲलर्जी, लसीकरणाच्या तारखा, आधार आणि आरोग्य योजनेच्या कार्डांच्या प्रती, आणि दोन नातेवाइकांचे क्रमांक असावेत. सत्तर वर्षे व त्यावरील सर्वांना उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान भारत योजनेत घेण्याची सुरुवात २९ ऑक्टोबर २०२४ रोजी झाली. ती कार्डे साथीच्या दिवसांत काढत बसू नये, आत्ताच काढून घ्यावीत.

याच शांत दिवसांत आणखी एक अवघड बोलणे उरकावे. प्रकृती फार बिघडली तर अतिदक्षता विभागात, व्हेंटिलेटरवर जाण्याची आपली इच्छा आहे का, हे त्या व्यक्तीलाच विचारावे, मुलांना नव्हे, किंवा किमान मुलांच्या आधी. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालात असे इच्छापत्र वैध ठरवले आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली; दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते साक्षांकित करता येते. कोणालाही सही करण्याचा आग्रह करू नये. पण विचारले तर बहुतेक वृद्ध मोकळेपणाने आणि आपल्याला वाटते त्यापेक्षा कितीतरी शांतपणे बोलतात.

दुसरी पायरी : आजारी मावशीला घरी राहणे परवडले पाहिजे

सकाळी सहाला ड्यूटीवर येणाऱ्या मावशींना आदल्या रात्री घशात खवखव झाली, तर त्या काय करतात? रोजाने पैसे मिळत असतील तर त्या क्रोसिन घेऊन येतात, आणि दारावरच्या तापमापकात त्या औषधामुळेच ताप दिसत नाही. हा त्यांचा बेजबाबदारपणा नाही. चार दिवसांचा पगार बुडाला तर घरचे रेशन अडते, इतके ते साधे गणित आहे. म्हणून साथीच्या काळात लक्षणे सांगून घरी राहणाऱ्या कर्मचाऱ्याचा एकही दिवस कापला जाणार नाही, हे संस्थेने लेखी जाहीर करावे आणि त्यासाठी देणगीदारांकडून वेगळा निधी उभा करावा. देणगीदार पंखे, खुर्च्या आणि मिठाई आनंदाने देतात. पगारी रजेसाठी पैसे द्या असे त्यांना समजावून सांगावे लागते, पण सांगितले की पटते.

एकाच संस्थेत काम करण्याची व्यवस्था हा याच पायरीचा दुसरा भाग आहे. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने मार्च २०२० मध्येच दीर्घकालीन सेवा देणाऱ्या कर्मचाऱ्यांनी एकाच ठिकाणी काम करावे असा आदेश काढला आणि त्यांचे उत्पन्न बुडू नये म्हणून वेतनही समपातळीवर आणले. आदेश आणि पैसे बरोबर आले, हे महत्त्वाचे. आपल्याकडे मावशी सकाळी आश्रमात आणि संध्याकाळी एखाद्या घरी रुग्णसेवा करत असतील, तर ते दुसरे काम सोडण्यास सांगण्यापूर्वी त्याची भरपाई कोण देणार हे ठरवावे. राहण्याची सोय करता आली तर चौदा-चौदा दिवसांच्या पाळ्या लावाव्यात. नाही तर निदान प्रत्येक मजल्याचे कर्मचारी कायम ठेवावेत, म्हणजे एका मजल्यावर लागण झाली तरी ती कर्मचाऱ्यांच्या मार्गे दुसऱ्यावर जाणार नाही.

तिसरी पायरी : हवा, खाटा आणि स्वच्छता

करोना आणि फ्लू हे दोन्ही श्वासावाटे पसरतात, त्यामुळे फरशी पुसण्याइतकेच, किंबहुना अधिक लक्ष हवेकडे द्यावे. आमनेसामनेच्या खिडक्या दिवसातून बराच वेळ उघड्या ठेवाव्यात, डास आणि थंडी यांसाठी जाळ्या आणि जाड पांघरुणे द्यावीत, आणि हवा खेळत नसेल अशा खोलीत एका खिडकीत बाहेरच्या दिशेने तोंड केलेला पंखा किंवा एक्झॉस्ट बसवावा. खाटांमध्ये किमान एक मीटर, शक्यतो सहा फूट अंतर ठेवावे. जागाच नसेल तर एकाचे डोके तिकडे आणि दुसऱ्याचे इकडे अशा उलटसुलट खाटा लावल्या तरी श्वासांमधले अंतर वाढते.

ज्या पृष्ठभागांना सतत हात लागतो, म्हणजे कठडे, कड्या, नळ, वॉकरची मूठ, कमोडची खुर्ची, तेवढे रोज निर्जंतुक करणे पुरेसे आहे. ताज्या ब्लीचिंग पावडरीत साधारण ३३ टक्के क्लोरीन असते. एक लिटर पाण्यात ३० ग्रॅम पावडर कालवली की सुमारे एक टक्क्याचे द्रावण होते. ते रोज नवे करावे, दहा मिनिटे पृष्ठभागावर राहू द्यावे आणि धातूवरून नंतर साध्या पाण्याने पुसावे. संडास साफ करण्याच्या ॲसिडमध्ये ते चुकूनही मिसळू नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो. माणसांवर फवारणी तर कधीच करू नये. त्याने विषाणू मरत नाही, डोळे आणि फुप्फुसे मात्र जळतात.

चौथी पायरी : आधी ताट पाहावे, मग तापमापक

वॉशिंग्टन राज्यातच किंग काउंटीमधील आणखी एका नर्सिंग होममध्ये सरसकट ७६ निवाशांची तपासणी केली, तेव्हा ४८ बाधित निघाले, आणि त्यांपैकी २७ जणांना तपासणीच्या वेळी कोणतेही लक्षण नव्हते. त्या २७ पैकी २४ जणांना पुढच्या काही दिवसांत लक्षणे आली. म्हणजे खोकला-ताप दिसण्याची वाट पाहिली, तर निम्म्याहून अधिक लागण आधीच होऊन गेलेली असते.

एका दुपारी स्वयंपाकघरात भांडी परत येत होती. एरवी दीड भाकरी, पालेभाजी आणि वर थोडा दहीभात खाणाऱ्या आजींच्या ताटात चतकोर भाकरी मोडलेली होती, भाजीला बोट लागले नव्हते आणि पेल्यातले पाणी तसेच होते. ताप नव्हता, खोकला नव्हता. ताट घासायला घेणाऱ्या मावशी म्हणाल्या, "ताई, आजी आज भाताला पण नको म्हणाल्या, आणि मला त्यांच्या बहिणीच्या नावाने हाक मारली." ऑक्सिजन पाहिला तेव्हा तो ८९ होता. अन्नावरची वासना उडणे आणि अचानक झालेला भ्रम ही दोन लक्षणे त्या मावशींनी कोणत्याही यंत्राआधी पकडली होती.

म्हणून रोजच्या वहीत ताटाचा रकाना असावा: पूर्ण, अर्धे, चतकोर, नको. त्याच्या शेजारी नव्याने आलेला गोंधळ किंवा बरळणे, पडणे किंवा तोल जाणे, दिवसा झापड येणे, कपड्यांत लघवी होणे, जुलाब, आणि "अंगात त्राण नाही" ही तक्रार यांचे रकाने असावेत. यांपैकी काहीही नवे दिसले तर "वयामुळे असेल" असे म्हणून सोडू नये. कर्मचाऱ्यांना शिकवायचे वाक्य एवढेच: कालपेक्षा आज वेगळे वाटले, की लगेच सांगायचे.

ऑक्सिमीटर वापरताना व्यक्तीला पाच मिनिटे शांत बसवावे, हात गार असल्यास चोळून ऊब आणावी, नखावर मेंदी किंवा रंग असेल तर दुसरे बोट घ्यावे आणि आकडा स्थिर झाल्यावरच लिहावा. सावळ्या त्वचेवर हे यंत्र खऱ्यापेक्षा थोडा जास्त आकडा दाखवू शकते, हे ध्यानात ठेवून सीमेवरच्या आकड्याला सुरक्षित मानू नये. ९४ च्या खाली डॉक्टरांना फोन करावा, ९० च्या खाली १०८ ला. मात्र फुप्फुसांच्या जुन्या विकाराने ज्यांची नेहमीचीच पातळी कमी असते, त्यांची मर्यादा डॉक्टरांकडून आधी पानावर लिहून घ्यावी. आकडा ठीक असूनही श्वास मिनिटाला २४ च्या वर जात असतील, तर तेही धोक्याचे चिन्ह समजावे.

पाचवी पायरी : संशय आल्यानंतरचे पहिले चोवीस तास

अहवालाची वाट न पाहता संशयित व्यक्तीला हवेशीर, शक्यतो स्वतंत्र बाथरूम असलेल्या खोलीत हलवावे आणि मास्क सहन होत असेल तर द्यावा. यात एक चूक वारंवार होते: संशयित, बाधित आणि संपर्कात आलेले, सगळ्यांना "आजारी लोकांची खोली" म्हणून एकत्र ठेवले जाते. ज्या आजोबांना नुसते पडसे आहे, त्यांना तिथे नेऊन आपणच लागण देतो. तिन्ही गट वेगळे ठेवावेत आणि निश्चित बाधितांनाच एका खोलीत एकत्र ठेवावे. खोलीतल्या सोबत्याला संपर्कातला मानावे, पण त्याला लगेच तिसऱ्याच्या खोलीत पाठवू नये.

त्याच दिवशी महापालिकेच्या आरोग्य विभागाला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावे आणि सर्व निवासी व कर्मचाऱ्यांच्या तपासणीची मागणी लेखी करावी. एका निवाशाचा अहवाल सकारात्मक येणे हा त्या मजल्यासाठी उद्रेकच समजावा. फ्लूचाही विचार डॉक्टरांपुढे मांडावा, कारण फ्लूवरील ऑसेल्टामिव्हिर हे औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झाले तर अधिक उपयोगी पडते. सामुदायिक भोजन, भजन आणि टीव्हीची खोली थांबवावी. बाधितांसाठी वेगळे कर्मचारी नेमावेत. ते शक्य नसेल तर कामाचा क्रम निरोगी, मग संपर्कातले, मग संशयित, मग बाधित असा ठेवावा, उलट कधीही नाही. संरक्षक साधने काढताना हातमोजे आधी आणि एन-९५ मास्क खोलीबाहेर आल्यावर सर्वांत शेवटी, हा क्रम भिंतीवर चित्रांसह लावावा.

नातेवाइकांना संस्थेने स्वतः फोन करावा. दुसऱ्याकडून कळले की त्यांचा विश्वास तुटतो, आणि पुढच्या प्रत्येक निर्णयात तो विश्वास लागतो.

सहावी पायरी : आश्रमातच राहणाऱ्या बाधितांची काळजी

पाणी हे पहिले औषध आहे. वृद्धांना तहान कमी लागते, आणि बाथरूमला उठण्याचा त्रास नको म्हणून अनेक जण मुद्दाम कमी पितात. दर तासाला अर्धा पेला पाणी, ताक, पेज, सरबत किंवा डाळीचे पाणी हातात द्यावे आणि प्यायले का ते पाहूनच पुढे जावे. हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर दिवसाचे प्रमाण डॉक्टरांनी ठरवून द्यावे. जे कुशीवर वळू शकत नाहीत, त्यांना दर दोन तासांनी वळवावे आणि माकडहाड, टाचा व खुबे यांच्यावर लाली आली का ते रोज पाहावे.

औषधांच्या बाबतीत एक कळकळीची विनंती आहे. स्टेरॉइड स्वतःहून किंवा शेजारच्या आश्रमाच्या चिठ्ठीवरून सुरू करू नये. जून २०२० मध्ये ब्रिटनमधील रिकव्हरी चाचणीतून डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा फायदा सिद्ध झाला तो ऑक्सिजन लागणाऱ्या करोना रुग्णांमध्ये. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता, त्यांना फायदा दिसला नाही. मधुमेही वृद्धांची साखर या औषधाने भडकते, आणि २०२१ च्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्राने म्युकरमायकोसिसच्या, म्हणजे काळ्या बुरशीच्या आजाराच्या, रूपाने त्याची जी किंमत मोजली, ती ज्यांनी पाहिली ते विसरलेले नाहीत.

सातवी पायरी : रुग्णालयात पाठवणे आणि परत घेणे

पाठवताना वहीचे पान, औषधे, चष्मा, कवळी, ऐकण्याचे यंत्र आणि त्याच्या बॅटऱ्या एका पिशवीत नाव लिहून द्याव्यात. कवळीवाचून जेवता येत नाही आणि यंत्रावाचून डॉक्टरांचा प्रश्न ऐकू येत नाही. मग त्या माणसाची नोंद "प्रतिसाद देत नाही" अशी होते.

परत घेताना घाई करू नये. इंग्लंडमध्ये १७ मार्च ते १५ एप्रिल २०२० या काळात सुमारे २५,००० रुग्णांना रुग्णालयांतून केअर होममध्ये सोडण्यात आले आणि त्या वेळी सर्वांची आधी चाचणी करण्याचे धोरण नव्हते. लक्षणे नसलेल्यांपासूनही लागण होण्याचा धोका लक्षात न घेता हे धोरण आखले गेले, असे म्हणत तिथल्या उच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये ते बेकायदा ठरवले. आपल्याकडे खाट रिकामी करण्याचा रुग्णालयाचा दबाव आला तरी तपासणीचा कागद मागावा आणि परतलेल्या व्यक्तीला आरोग्य विभागाने सांगितलेल्या मुदतीपर्यंत वेगळ्या खोलीत ठेवावे. घ्यायला नकार देणे हा मात्र पर्याय नाही. ते त्यांचे घर आहे.

आठवी पायरी : वेगळे ठेवावे, वाऱ्यावर सोडू नये

मार्च २०२० मध्ये स्पेनमध्ये निर्जंतुकीकरणासाठी गेलेल्या सैनिकांना काही वृद्धनिवासांत वृद्ध माणसे कोणाच्याही देखरेखीविना पडलेली आणि काही मृतावस्थेत आढळली. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात डॉर्व्हल येथील एका निवासात बहुसंख्य कर्मचारी येईनासे झाल्यावर वृद्ध अन्नपाण्यावाचून राहिले. ही उदाहरणे दूरची वाटतात, पण पंधरापैकी दहा कर्मचारी एकाच आठवड्यात आजारी पडले तर आपल्याकडे कोण येणार, याचे उत्तर नावांसह लिहिलेले असावे: निवृत्त परिचारिका, जवळच्या महाविद्यालयातले राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी, गावातले महिला बचत गट, आधी आजारातून बरे झालेले नातेवाईक. स्वयंपाक, पाणी भरणे आणि फोन लावून देणे ही कामे त्यांना आधीच एकदा दाखवून ठेवावीत. १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय मदतवाहिनीही याच यादीत हवी.

भेटींबद्दल माझे मत ठाम आहे: पूर्ण बंदी हा काही दिवसांचा उपाय आहे, महिन्यांचा नाही. नेदरलँड्सने मे २०२० मध्येच २६ नर्सिंग होममध्ये ठरावीक अटींवर भेटी पुन्हा सुरू करून पाहिल्या. आपल्याकडे अंगण, ओटा, पडवी असते, तिथे एका वेळी एकच नातेवाईक मास्क लावून बसू शकतो. स्मृतिभ्रंश झालेल्या आजींना व्हिडिओवरचा मुलगा ओळखू येत नाही, पण हाताचा स्पर्श ओळखू येतो. अशांसाठी एक ठरलेला नातेवाईक "काळजीवाहक" म्हणून कर्मचाऱ्यांच्याच नियमांनी आत येऊ द्यावा. मास्कमागचा चेहरा दिसत नाही म्हणून कर्मचाऱ्यांनी छातीवर आपले हसरे छायाचित्र आणि मोठ्या अक्षरांत नाव लावावे. आणि जे अखेरच्या टप्प्यात आहेत, त्यांच्याजवळ कोणीतरी असावेच. अशा निरोपासाठी संरक्षक साधनांचा एक संच कायम बाजूला काढून ठेवावा.

नववी पायरी : लस आणि नंतरचे सावरणे

भारतात १ मार्च २०२१ पासून साठ वर्षांवरील सर्वांना करोनाची लस मिळू लागली. लसीने मृत्यू कमी होतात, उद्रेक थांबतोच असे नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये भिवंडी तालुक्यातील एका वृद्धाश्रमात साठहून अधिक जण एकदम बाधित निघाले, तेव्हा त्यांत दोन्ही मात्रा घेतलेले अनेक जण होते. फ्लूची लस दर वर्षी, शक्यतो पावसाळ्याआधी एप्रिल-मेमध्ये द्यावी, न्यूमोनियाच्या लसीबद्दल डॉक्टरांना विचारावे, आणि निवाशांइतकेच कर्मचाऱ्यांचेही लसीकरण पूर्ण करावे.

उद्रेक ओसरला की व्यवस्थापनाला हायसे वाटते आणि नेमके तेव्हाच दुर्लक्ष होते. निरोगी वृद्धांना दहा दिवस अंथरुणात ठेवून केलेल्या एका अभ्यासात त्यांच्या पायांतले जवळजवळ एक किलो स्नायू कमी झाल्याचे दिसले. आजारातून उठलेल्यांचे काय होत असेल, याचा अंदाज त्यावरून करावा. विलगीकरणातसुद्धा दिवसातून चार वेळा खाटेच्या कडेला बसवणे, खुर्चीतून उठबस आणि खोलीतल्या खोलीत चालणे चालू ठेवावे. बाहेर आल्यावर पहिल्या दिवशी वजन करावे आणि ते पहिल्या पानावरच्या वजनाशी ताडून पाहावे. घट दोन किलोहून जास्त असेल तर डॉक्टरांना दाखवावे आणि आहारात दोन्ही वेळा वरण, दही, अंडे किंवा शेंगदाण्याचे कूट वाढवावे. वजन दर आठवड्याला, चालण्याचे अंतर रोज लिहावे: आज दारापर्यंत, परवा ओट्यापर्यंत, मग तुळशीपर्यंत. ताटाचा रकाना पुन्हा "पूर्ण" दाखवू लागल्यानंतरही किमान सहा आठवडे ही नोंद थांबवू नये.